ब्युरोवाल्याने कूस बदलली

आमच्या विक्रोळीच्या घरातलं सांगतो. बायको वर्षभर अंथरुणावर आहे. पोराने आजाऱ्यांसाठी बाया पुरवणाऱ्या ब्युरोतून एक साहेब बोलावला, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब.

"आजींचं कोण करतं?"

"मी."

"ट्रेनिंग?"

"नाही."

"मग धोका आहे, आजोबा. आमची बाई ठेवा. कूस बदलायलाही टेक्निक लागतं, बघा."

पोरगा सहीला पेन शोधत होता. साहेबाने हिला उचलायला जोर लावला. ही किंचाळली, साहेबाच्या कमरेत उसण भरली.

मी हिच्या कानाशी म्हटलं, "वळतंस गो?" तिने हात माझ्या गळ्यात टाकला आणि वळली. साहेब आल्यापासून तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

ही म्हणाली, "अवो, तेका च्या द्या आणि घराक धाडा. दमलो बिचारो."