जबल अलीतल्या विमानाच्या स्की

अरे, विमानाच्या स्की पाहिल्यात कधी? बर्फावर उतरायला जुन्या विमानांना चाकांच्या जागी लावायचे त्या. मी पाहिल्या, तेही वाळवंटातल्या जबल अली बंदरावर, आमच्या गोदामात! लाकडी, देखणी जोडी. मॅनेजर म्हणाला, "गुरुवारपर्यंत कुणी नेत असेल तर दे, नाहीतर भंगार. खलास."

मी चिडून परदेशातल्या चार संग्रहालयांना फॅक्स ठोकले. एकाचंच उत्तर आलं, मूळ कागदपत्रं असतील तरच घेऊ. आणि ती कागदपत्रं असलेली तेलकट फाइल आदल्याच आठवड्यात साफसफाईच्या उत्साहात मीच कचऱ्यात टाकलेली!

आमचे स्टोअरकीपर सावंतकाका, मालवणचे. त्यांना सांगितलं, तर त्यांनी कपाटातून फाइलच काढली.

"एवढा शिकलास आणि कागद कचऱ्यात टाकतोस? उचलून आणली मी. परवा दसऱ्याला पूजेत ठेवली होती."

पहिल्या पानावर ठळक हळदकुंकू! मी घाबरत तसंच फॅक्स केलं. बुधवारी उत्तर आलं, "स्की आणि फाइल, दोन्ही पाठवा. पण पहिल्या पानावरचे डाग कसले?"

"काका, काय लिहू?"

"लिही, शेवटचं इन्स्पेक्शन जबल अलीला झालं, त्याचा शिक्का. माल पास. आणि आण इकडे, सही करतो."