घड्याळ फास्ट हाय

आवं बसा की जरा, न्हाईतर तुमी बी म्हनाल, "आजी, फास्ट सांगा!" सकाळपस्नं ह्यो एकच शबुद कानात... सून म्हनती पंखा फास्ट करा, लेक म्हनतो नेट फास्ट न्हाई, शेजारची गीताबाई कुनाच्या बी पोरीला बघून नाक मुरडती, "लईच फास्ट हाय बया!" आन साडीवाला? "मावशी, रंग फास्ट हाय, हालनार न्हाई!" म्हंजी पळतंय ते बी फास्ट, जागचं हालत न्हाई ते बी फास्ट! तुमाला सांगते, फास्टचं काय खरं न्हाई.

आता आमचं भितीवरचं घड्याळ घ्या. माझा सोपान शुगर फॅक्टरीत कामाला, उशीर नगं म्हनून त्यानं ते धा मिनटं फास्ट लावलं. सुनंला, अश्विनीला, ते ठावंच न्हाई, तिनं गुपचूप आनखी धा लावली. मंग मी का मागं राहू? स्टुलावर चढून माझी धा! काय मज्जा सांगू... सोपान एका पायात चप्पल घालून नाचतोय, "आये, डबा! फास्ट!" आन मी पदरात हसतीया. समद्या घरात खरा टाईम मला एकटीलाच ठावं... अर्धा तास वजा करायचा, बास!

तर आज जामखेडला जायचं हुतं. माझी बाळपनीची मैतरीन लंकाबाई आलीया पुन्याहून, बारा वर्सांनी, तिच्या भाचीकडं, आन आकराला माघारी निघनार. आमच्या खर्ड्यातनं नवाची यष्टी गाठली की भेट झालीच. न्हाले, इरकल नेसले, घड्याळात बघते तर नऊ. म्हनलं, साडेआठच की! बसले वट्यावर मिश्री लावत... कवळं ऊन, किल्ल्याच्या भितीवर पारवं, आन डोळ्याम्होरं लंकी... चौथीतली, परकर खोचून पळनारी. तवा फास्ट ह्यो शबुद आमाला कुठला ठावं, तरी ती म्होरंच... मंग वळून म्हनायची, "ये की गं, थांबते मी." आन थांबायची बी... किती येळ गेला कुनास ठावं...

स्टँडवर चिटपाखरू न्हाई! चहावाला काकासाहेब म्हनतो, "गेली की म्हातारे, आज टायमावर आल्ती."

आजच? कदी न्हाई ती? आन दुसरी यष्टी एकला! फास्टचं काय खरं न्हाई.

लंकीला फोन लावला. "थांबले आसते गं," म्हनली, "पर लेकाला पुन्यात फास्ट पोचायचंय... येते परत, लवकर." लवकर! दोगी बी पंच्याहत्तरीच्या फुडं गेलोय...

घरी आले तर अश्विनी म्हनती, "आत्याबाई, यष्टी चुकली कशी? तुमाला उशीर नगं म्हनून रातीच मी मोबाईल बघून घड्याळ बरुबर लावलं!"

हसू का रडू, सांगा! गुमान स्टूल वढलं, आन घड्याळ परत अर्धा तास फास्ट करून ठिवलं. म्हनलं, लंकी येईल तवा येईल... आमच्या घरात तरी अर्धा तास आधी येईल.