मागचं डावं चाक

नाही, पण मला सांगा, माणूस वर्षभर जिवाचं रान करतो, उन्हात, पावसात, गाडीचं नाक तुटलेलं असताना धावतो, आणि शेवटी सगळं अडतं कुठे? मागच्या डाव्या चाकापाशी! तुम्हाला सांगतो, रविवारपासून घशाखाली घास उतरत नाही... ताईला सांगावं, तर ती म्हणते, "तो तुझा कोण लागतो रे, आत्याचा मुलगा?" आता मी काय बोलणार!

आमचं टायरचं दुकान. म्हणजे भाऊजींचं. मी चाकं काढतो, बसवतो. आठवीत शाळा सुटली, हे मला सांगावं लागत नाही, गिऱ्हाइकाला भाऊजीच सांगतात. दुकानात टीव्ही, आणि त्यावर त्या उघड्या चाकांच्या गाड्यांच्या शर्यती. भाऊजी चिकण्याच्या बाजूचे. चिकणा म्हणजे तो पोरगा हो, नीट दाढी फुटायच्या आत जगज्जेता झालेला! आणि मी म्हाताऱ्याच्या बाजूचा. चाळिशी आली, कानशिलं पांढरी झाली, पण विजेतेपद? एकदाही नाही! कायम दुसरा. त्यात हा त्याचा शेवटचा मोसम, पुढे घरीच बसणार. आणि यंदा गणित इतकं सोपं की मलासुद्धा कळलं... शेवटच्या शर्यतीत दोघांत जो पुढे, तो जगज्जेता!

रविवारी भाऊजींचं सकाळपासून सुरू, "काय मेव्हणे, आजोबांनी गोळ्या घेतल्या का?" मी काय बोलणार!

पण म्हातारा सुटला की हो! पहिल्याच वळणावर आतून घुसला, चिकण्याला मागे टाकलं, आणि मग काय, वारा! इकडे माझ्या हातात एका काकांच्या गाडीचं चाक. काका म्हणतायत, "अरे, बसवतोस का मांडीवर घेऊन जोजवतोस?" पण लक्ष लागतंय कुणाचं? आता फक्त एकदा बाजूला आपल्या माणसांपाशी आत यायचं, टायर बदलायचे, डोळ्याची पापणी लवेपर्यंतचं काम, की झालं!

आला. चारी चाकांवर माणसं तुटून पडली. आमच्याकडे कसं, मी नट आवळतो, भाऊजी आतून ओरडतात, "आवळलं?" मी चाक हलवून बघतो, "आवळलं!" म्हणतो, मगच जॅक खाली. तिकडे ओरडायला वेळ कुठला? हात वर केला की गाडी सोडायची. आणि मागच्या डाव्या चाकावरच्या माणसाने हात वर केला... एक श्वास आधी! नट तिरका बसलेला! मी इथून बोंबललो, "नाही आवळलं, नाही आवळलं!" पण ऐकतंय कोण? गाडी निघाली, चाक लटपटलं, गाडी थांबली, पोरांनी ढकलत मागे आणली, आणि तोवर चिकणा भुर्रकन पुढे... नंतर म्हातारा जीव खाऊन पळाला, एकेकाला गाठलं, थेट चिकण्याच्या मागे येऊन ठेपला. मागे! म्हणजे पुन्हा दुसराच!

दुकानात हाहाकार. ज्यांना शर्यत म्हणजे काय हे अर्ध्या तासापूर्वी कळलं ते काकासुद्धा ओरडले, "हाकला त्या गाढवाला!" भाऊजी म्हणाले, "घाला की शिव्या, मेव्हणे! तुमचाच माणूस बुडवला त्याने!"

मी काय बोलणार! टीव्हीवर तो चाकावाला दिसत होता हो... टायरांच्या ढिगावर बसलेला, हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं, हात गुडघ्यांत दाबून धरलेले. मी रोज नट आवळतो, मला कळतं, वर गेलेला हात परत खाली ओढता येत नाही. तिकडे चिकण्याचा जल्लोष चाललेला, आणि म्हातारा आला, त्याला हातानेच जरा सरकवलं, आणि बसला त्याच टायरांवर, त्याच्या शेजारी. तो तरी काय बोलणार!

भाऊजी टीव्ही बंद करून म्हणाले, "मेव्हणे, म्हातारा तर चालला घरी. पुढच्या मोसमात कुणाच्या बाजूने?"

म्हटलं, "मागच्या डाव्या चाकावाल्याच्या."

"अहो, त्याला टीव्हीवर दाखवतात तरी का?"

"चुकला की दाखवतात."

म्हणजे बघा आता... वर्षभर टीव्हीसमोर बसायचं, आणि आपला माणूस दिसू नये म्हणून देव पाण्यात घालायचे!