रोझमंड डोळे मिटते

...आणि वर डोळे मिटते. तुम्हाला सांगते, तिला उत्तर पटकन येतं याचं मला काही नाही, येऊ दे बापडीला, पण डोळे मिटायचे, मान जराशी तिरकी करायची, जशी काही चर्चमध्येच बसलीय, आणि मग अगदी हळू आवाजात, "मला वाटतं, बारा उभ्याचं सापडलं बहुतेक." बहुतेक म्हणे. कधी चुकत नाही आणि वर बहुतेक म्हणते. आता मी काही कुणाचा हेवा करणारी बाई नाही, पण माणसानं अधूनमधून चुकावं की नाही?

रोझमंड हो. आमच्या ऑटली गावात हिल्डाच्या चहाच्या दुकानात दर गुरुवारी शब्दकोड्याचं टेबल बसतं, तिथली नवी. आणि कोडं म्हणजे साधं नव्हे हं, 'चार अक्षरी फळ' वगैरे माझी सासू सोडवते, भाजी शिजेपर्यंत. हे त्या दिवशीच्या पेपरातलं वाकडं कोडं. यात सूचना बोलते एक आणि मागते दुसरंच. सूचनेत 'झोपलेलं बाळ' असेल ना, तर उत्तरात बाळ नसतं, आणि झोप तर नसतेच नसते, अगदी आमच्या घरासारखं. कुठली अक्षरं विस्कटायची, कुठली उलटी करायची, कुठला शब्द दुसऱ्याच्या पोटात कोंबायचा हे ज्याचं त्यानं ओळखायचं. शिवाय टेबलाचा नियम असा की नुसतं उत्तर बोलून भागत नाही, ते कसं आलं तेही सांगायचं. सांगता आलं नाही तर बरोबर असलेलं उत्तरही बाद. "अंदाज घोड्यांवर लावावा, इथं नाही," असं म्यूरिअल म्हणते.

म्यूरिअल म्हणजे त्या टेबलाची मालकीणच म्हणा ना. सगळा जन्म गिरणीच्या कचेरीत गेला, आता गुडघे गेलेत पण जीभ शाबूत आहे. मला तिनंच आणलं. अल्बी नुकता झाला होता, मी नदीकाठच्या बाकावर बसून बाबागाडी हलवत होते आणि तोही रडत होता, मीही रडत होते. ही शेजारी येऊन बसली, आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, पेपर पुढे केला आणि म्हणाली, "पोरी, तो रडायचा थांबेपर्यंत हे एवढं एक सोडव." मला काय येतंय? मी शाळा सोडली ती शाळेला बरं वाटावं म्हणून. पण तिनं ते एक उलगडून दाखवलं आणि तुम्हाला सांगते, डोक्यात कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं झालं. तेव्हापासून गुरुवार म्हणजे गुरुवार. बाकी आठवडाभर काय, बाळाचं वजन वाढतंय का, हे पुरळ कसलं, हा इतका शांत का झोपलाय, श्वास घेतोय ना, म्हणून उठून बघायचं, की तो जागा झालाच. त्या टेबलावर मात्र मला कुणी काही विचारत नाही, तेवीस आडवा सोडून.

आणि शरद ऋतूत पलीकडच्या इल्क्ली गावात स्पर्धा असते, जोडीजोडीची. गेल्या वर्षी म्यूरिअलच्या जोडीला मी होते. शेवटून दुसऱ्या आलो. पण मी गेले होते ना? सासूनं चारचौघांत सांगितलं, आमची जेमा स्पर्धेला गेली होती. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याबद्दल काहीतरी बरं सांगितलं तिनं, त्याआधी सांगायची ते केक करपल्याचं. तर या वर्षीही म्यूरिअल मलाच नेणार हे धरून चालले होते मी, आणि ही आली. आली ती कुठून? इल्क्लीतूनच. तिकडे यांना कमी पडतात का टेबलं? आणि बसली कुठे? म्यूरिअलच्या शेजारी, माझ्या खुर्चीवर. "अय्या, इथं कुणी बसतं का?" नाही हो, खुर्ची हौसेनं ठेवलीय.

आता मी काही हेवा करणारी नाही, पण मला संशय आला. इतकं पटापट कुणाला येतं? तेही डोळे मिटून? मग एकदा तिची पिशवी बघितली. बघितली म्हणजे उघडी होती हो, मी काय कुणाच्या पिशव्या उघडते? आत पेपर. म्हटलं, हं. बाईसाहेब सकाळी न्याहारीला घरी कोडं सोडवून येतात आणि इथं साधूसारखे डोळे मिटतात!

मग मी काय करणार? मीही सुरू केलं. क्रेग, माझा नवरा, सकाळी दूध आणायला जातो तेव्हा पेपर आणायला सांगितला. अल्बीला पाजता पाजता एका हातानं सोडवायचं, अडलं की सासूचा शब्दकोश, आणि उत्तरं कशी आली ते सगळं घोकायचं. क्रेग म्हणाला, "म्हणजे चोरून सोडवून जाणार तू?"

"चोरून कशाला? तयारी म्हणतात याला."

"आणि ती करते ते?"

"ती फसवणूक. तू डब्यात काय नेणारेस ते बघ."

दोन-तीन गुरुवार काय मजा आली, काय सांगू. रोझमंडनं डोळे मिटायचा अवकाश, की मी बोलून मोकळी. डेस्मंड, आमच्या टेबलावरचा एकुलता एक पुरुष, जन्मभर बसची तिकिटं तपासली त्यानं, तो तर चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिला. "पोरीला झालंय काय?" मी म्हटलं, "बाळ झोपायला लागलंय हल्ली." कुठलं झोपतंय. म्यूरिअल मात्र गप्प. मला वाटलं, चकित झालीय. मग तिनं सांगितलं, येत्या गुरुवारी जोडी ठरवते.

तो गुरुवार उजाडला. मी पहाटेच सगळं कोडं तोंडपाठ करून, अल्बीला गाडीत घालून, लवकर जाऊन माझी खुर्ची धरली. हिल्डा दरवेळी आजच्या कोड्याच्या प्रती काढून टेबलावर पालथ्या ठेवते. म्यूरिअलनं चमचा कपावर वाजवला की कागद सुलटे करायचे. वाजवला. मी कागद सुलटा केला, आणि मग काय केलं माहितीय? डोळे मिटले. म्हटलं, तिलाच येतं का? मान तिरकी केली आणि हळू आवाजात म्हणाले, "सतरा आडवा बहुतेक... पेंग्विन." आणि ते कसं आलं तेही घडाघडा सांगून टाकलं, शाळेतली कविता म्हणावी तसं.

"अगदी बरोबर," डेस्मंड म्हणाला, "माझ्या ओठावरच होतं. आणि चार उभा अर्थातच कंदील."

"अर्थात," म्यूरिअल म्हणाली. "आणि एक आडवा मार्मालेड. आजचं सोपंच आहे तसं."

रोझमंडनं कागद उलटा करून बघितला, परत सुलटा केला. "माफ करा हं," ती म्हणाली, "माझ्या कागदावर सतरा आडवाच नाहीये."

मी डोळे उघडले. कागद बघितला. पेंग्विन कुठला बसतोय, आणि म्यूरिअलच्या मार्मालेडला, एक आडव्याला, तीनच घरं होती.

तेवढ्यात हिल्डा गोड स्कोन-पावांचं ताट घेऊन आली. "सांगायचंच राहिलं बघा. आजच्या पेपरवर माझ्या हातून अख्खी किटली सांडली, म्हणून मागचं एक जुनं काढून दिलंय. आपलं दुकान बंद होतं ना बॉयलर बिघडला तेव्हा, त्या दिवशीचं. चालेल ना?"

अल्बीसुद्धा मूठ चोखायचा थांबला. हिल्डानं एकदा सगळ्यांकडे बघितलं, ताट ठेवलं आणि लोणी आणायच्या निमित्तानं गेली ती परत आलीच नाही. म्हणजे तुमच्या लक्षात आलं ना? तिघंही. आम्ही तिघंही घरून सोडवून आलेलो, आणि कागदाकडे बघायचे कष्टसुद्धा कुणी घेतले नाहीत.

"डेस्मंड," म्यूरिअल म्हणाली, "तुला लाज वाटायला हवी."

"मला? आणि मार्मालेड कुठून आला मग? टोस्टवरून?"

"मी माझ्या टेबलासाठी केलं."

"आणि मी तुझ्यासाठी केलं. तू एकाएकी इतकी भराभर सोडवायला लागलीस, म्हटलं मीच मागे पडलो."

म्यूरिअलनं चमचा खाली ठेवला. मग माझ्याकडे वळली, आणि तिचा आवाज, तुम्हाला सांगते, तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. "पोरी, मी पेन्सिल उचलायच्या आत तू उत्तर सांगायला लागलीस. घरी जाऊन रडले मी. वाटलं, गुडघ्यांमागोमाग डोकंही चाललं."

मी रोझमंडकडे बोट केलं. लहान पोरासारखं, हो. "हिनं सुरुवात केली. हिच्या पिशवीत पेपर असतो."

रोझमंडचा चेहरा गोरामोरा झाला. तिनं पिशवी उचलून टेबलावर ठेवली आणि एकेक वस्तू अलगद बाहेर काढली. पेपर होता. पेपरात गुंडाळलेली अंडी होती. "माझ्या कोंबड्यांची," ती म्हणाली. "दर गुरुवारी जेमासाठी आणते. बाळाची आई आहे, खाऊ दे म्हणून. पण ती माझ्याशी बोलतच नाही, मग द्यायचं धाडस होत नाही आणि परत घेऊन जाते." अंडी नीट रचून ठेवली. "आणि डोळे मिटते ते... तुम्ही सगळे माझ्याकडे बघत असता ना, मला भीती वाटते."

ऐकलंत? आता हिचा धड रागही करता येऊ नये ही कुठली रीत? चांगुलपणालाही काही मर्यादा असते.

मग ते जुनं कोडं सोडवायला घेतलं, खरंखुरं, चौघांनी. डेस्मंडला तीन आली, म्यूरिअलला किती आली ते मी मोजलं नाही, पण शेवटचं तिनंच सोडवलं आणि मी इतक्या जोरात टाळी वाजवली की अल्बी रडायला लागला. डोकं कुठेही गेलेलं नव्हतं हो तिचं. मला वाटलं, झालं, आता म्हणेल, चल जेमा इल्क्लीला. तर म्हणते कशी, "मी नाही जात यंदा. त्या सभागृहाच्या पायऱ्या मला झेपत नाहीत. तू जा, आणि रोझमंडला ने. पोरी, तुला धीर कमी आणि तिलाही कमी, दोघींचा मिळून एकीपुरता होईल."

त्यामुळे हल्ली दर सोमवारी रोझमंड आमच्या स्वयंपाकघरात येते सरावाला. अंडी आणते. सासूनं तिला पहिल्याच दिवशी केकची कृती विचारली. मला कधी विचारली होती का? जाऊ दे. आणि परवा अल्बी किरकिरत होता, सकाळपासून, दात येतायत त्याला, मी हिंडवलं, गाणं म्हटलं, गाडीत घातलं, काही नाही. रोझमंड म्हणाली, "मी घेऊ का जरा?" घेतला. कुशीत धरला. आणि स्वतःचे डोळे मिटले, मान तिरकी केली, तेच ते, आणि माझ्या पोरानं तिच्याकडे बघून डोळे मिटले, आणि झोपला. माझ्या घरात, भर दुपारी, घोरायला लागला.

मी श्वास बघितला त्याचा. दोनदा. चांगला चालू होता.

"झोपला बहुतेक," ती हळूच म्हणाली.

आता मी काही कुणाचा हेवा करणारी बाई नाही. मी आपली समोरच्या खुर्चीवर बसले, तिचीच अंडी उकडून खाल्ली, आणि तिला म्हटलं, उद्या आलीस तरी चालेल.