लाल पट्टी आणि साहेबांचं घराणं

…आणि वर मलाच विचारतात, ‘मशीन रिकामं का होतं?’ अहो, रिकामं कसलं डोंबल! तुम्हाला सांगते, या एमआरआयच्या खोलीत माझी हयात गेली, पण ते नवीन सॉफ्टवेअर आल्यापासून जीव नकोसा झालाय. ते म्हणे मशीनचा डेटा तपासतं. म्हणजे काय, तर फोटो निघत असले की हिरवी पट्टी, थांबले की लाल! आम्ही त्याला नणंदबाईच म्हणतो. जरा कुठे टेकलात, की चुगली थेट साहेबांच्या टेबलावर!

आता माणूस त्या बोगद्यात जायला घाबरणार की नाही? परवा एक आजोबा आले, चांगला पैलवान गडी, मशीन बघितलं आणि दाराकडे सुटले! ‘पोरी, जिवंतपणी मला त्यात घालू नकोस!’ मग पाणी द्या, पाठीवरून हात फिरवा, ‘बाबा, मी इथेच आहे, काचेपलीकडे’ म्हणा… बाबा आडवे होतात, परत उठतात, लघवीला जातात… आणि नणंदबाई? लालेलाल! लगेच साहेबांचा फोन. ‘बाई, मशीन रिकामं का होतं? पुढच्या महिन्यात एवढं लाल दिसलं, तर तुमची रवानगी जुन्या फायलींच्या खोलीत!’ आता मी गेले तर बटण दाबायला दुसरं कुणी येईल हो, पण या घाबरलेल्या जिवांना धीर कोण देणार?

आणि एक दिवस साहेब स्वतः हजर, आईला घेऊन! आवाज एकदम लोण्यासारखा… ‘घाई करू नका हं, आई जरा भित्री आहे.’ जरा? माउलीनं दाराची चौकट धरली ती सोडेचना! साहेब विनवतायत, मी विनवतेय, ती म्हणते, ‘तू आधी झोपून दाखव!’ झोपले हो साहेब, किल्ल्या, पट्टा, बूट सगळं काढून! अख्खी सकाळ गेली. पट्टी अशी लालभडक, की वरच्या साहेबांनी आमच्या साहेबांना विचारलं, ‘मशीन रिकामं का होतं?’

झालं! दुसऱ्याच दिवशी सॉफ्टवेअरमध्ये नवीन बटण, ‘साहेबांचे नातेवाईक’. ते दाबलं की गेलेला वेळ लाल धरतच नाहीत. म्हटलं, देव पावला! तेव्हापासून कुणी घाबरलेलं दिसलं की दाबते. थरथरणारा टॅक्सीवाला? साहेबांचा मामेभाऊ. रडणाऱ्या शाळेतल्या बाई? साहेबांच्या वहिनी. पट्टी हिरवीगार!

काल साहेब खूश होऊन आले. ‘बघा, मनावर घेतलं की जमतं! आता वेळ जराही वाया जात नाही, उद्यापासून पेशंट वाढवू!’ मी कपाळाला हात लावला… म्हटलं, वाढवा साहेब, घराणं तुमचंच वाढतंय.