बुरूज आळीचं पिंप

एर्सिलिया : दमाने चढ, पोरी. दुच्चोच्या आत्याने पाहुणीला पळवत नेलं म्हणतील लोक.

नीवेस : तुम्हीच मागे राहताय, आत्या. शर्यतीआधी मला सगळी चर्चं बघायची आहेत. एकदा चढावर वाइनची पिंपं ढकलत सुटली की रस्ते बंद, दुच्चो म्हणाला.

एर्सिलिया : तो पिंप ढकलणार आणि मी तुला गाव दाखवणार, अशी वाटणी करून दिली त्याने. काय काय बघून झालं सकाळपासून?

नीवेस : उतारावरचं घुमटाचं. मग बिनगिलाव्याच्या भिंतीचं. आणि ते वळणावरचं, खाली तळघरात वाइन मुरते ते. काय सांगू तुम्हाला, गुडघे टेकले की फरशीतून ओल्या लाकडाचा वास येतो. तिथे मी दुच्चोसाठी मेणबत्तीही लावली.

एर्सिलिया : सान रोक्कोत?

नीवेस : हो, सान रोक्को. का?

एर्सिलिया : कुणी बघितलं तुला?

नीवेस : एक आजोबा होते. काडी त्यांनीच पेटवून दिली. किती प्रेमळ.

एर्सिलिया : प्रेमळ असणारच. ओरेस्ते तो. पोरी, सान रोक्को हा संत विहीर आळीचा, आणि दुच्चो पिंप ढकलतो बुरूज आळीचं. शर्यतीच्या दिवशी दुसऱ्या आळीच्या चर्चची पायरीसुद्धा चढत नाहीत. माझी आई तिथल्या लग्नाला गेली नव्हती, सख्ख्या बहिणीच्या.

नीवेस : अरे देवा. पण मी नाव घेऊन मागितलं. दुच्चोला जिंकू दे म्हणून.

एर्सिलिया : नावही घेतलंस. म्हणजे आमच्या पोराचा पत्ता देऊन आलीस.

ओरेस्ते : नमस्कार, एर्सिलियाबाई. या, इथे गावाच्या मोठ्या चर्चच्या पायरीवर सावली आहे, शर्यतही इथेच संपते. तुमची भाचेसून फार भाविक हो.

एर्सिलिया : अजून झाली नाही भाचेसून.

ओरेस्ते : मेणबत्ती छान जळतेय. वारा लागू नये म्हणून मी आडोसा करून आलो. समोरच्या टेकडीची ना तू? तिथली वाइन जरा पातळ असते.

नीवेस : पातळ? आजोबा, तुम्ही ती फडताळात बाटली उभी ठेवून बिघडलेली प्यायला असाल. माझ्या बाबांची उघडून दुपारभर ठेवा, मग बोला.

ओरेस्ते : तोंड आहे हिला. आवडली मला.

(घंटा वाजू लागते. खालून गलका.)

नीवेस : सुटली पिंपं. आत्या, इथून काहीच कसं दिसत नाही?

एर्सिलिया : शेवटच्या वळणापर्यंत दिसायचं नाही. खिडक्यांमधून ओरडा कसा वर सरकतोय, तेवढा ऐक.

ओरेस्ते : विहीर आळी पुढे आहे. आमच्यातले लोक असे ओरडतात.

एर्सिलिया : पिंप पायावर पडलं की असे ओरडतात.

नीवेस : आले, आले. निळा सदरा, तो दुच्चोचा जोडीदार लापो ना? आणि बाजूला दुच्चो. पळ, दुच्चो, शेवटचं आहे, जोर लाव.

एर्सिलिया : शेवटचं वळण म्हणतेस ना?

नीवेस : हो. म्हणजे... हो.

एर्सिलिया : माझ्याकडे बघ.

नीवेस : तो आज रात्री जेवताना सांगणार होता. मी बोलणार नव्हते, आत्या, शपथ. बाबांना आता द्राक्षमळ्यात उभं राहवत नाही. लग्न झालं की दुच्चो आमच्याकडे येणार आहे, मळा बघायला.

ओरेस्ते : मी जरा पलीकडून बघतो.

एर्सिलिया : आळीत राहात नाही त्याला पिंपाला हात लावता येत नाही.

नीवेस : त्याला माहीत आहे. म्हणूनच महिनाभर रोज पहाटे उठून चढावर सराव करत होता.

एर्सिलिया : आणि मी म्हणायचे, या पोराला एवढा हुरूप कुठून आला. आईवेगळं पोर. या चढावर चालायला मी शिकवलं त्याला. रडायचा नि वर बघायचा.

नीवेस : आत्या, लापो घसरला. पिंप भिंतीकडे चाललंय. आत्या, तुम्ही बघत का नाही?

एर्सिलिया : बघवत नाही.

नीवेस : एकट्यानेच अडवून धरलंय दुच्चोने. विहीर आळी पुढे गेली.

एर्सिलिया : सरक. सरक बाजूला. दुच्चो, खांदा लाव रे. हाताने नाही, खांदा. लापो, ऊठ मेल्या, रात्री झोप.

नीवेस : वळलं. वळलं पिंप. गाठतायत ते.

ओरेस्ते : आमची गाढव पोरं डावीकडे का जातायत? सरळ, अरे सरळ.

नीवेस : पोचला. आत्या, आधी दुच्चो पोचला. पायरीला पिंप लागलं आपलं. जिंकल्याचा झेंडा आपला.

एर्सिलिया : दिसलं मला. माझे हात सोड आता, मोडतील.

ओरेस्ते : अभिनंदन, एर्सिलियाबाई. म्हणवत नाही, पण अभिनंदन.

नीवेस : लोक खांद्यावर घेतायत त्याला. इकडे बघतोय, हात करतोय. तुम्ही रागावलात का माझ्यावर?

एर्सिलिया : हात कर त्याला. दोन्ही हात कर. नीट हस.

नीवेस : आत्या, त्याला काय सांगू?

एर्सिलिया : काही सांगू नकोस. त्याचं त्याला सांगू दे. फक्त जेवताना माझ्या शेजारी बस. पहिल्यांदाच ऐकतेय असा चेहरा मला एकटीला जमायचा नाही.