हलू नकोस, उडेल!

...आणि वर मलाच दटावतात! अहो, कबर माझ्या नवऱ्याची, फुलं माझ्या हातात, आणि दटावायचं मलाच?

तुम्हाला सांगते, आमच्या लेनर्डला एकच नाद, पाहिलेल्या पक्ष्यांची यादी. नवा पक्षी दिसला की वहीत नाव, पुढे तारीख, आणि मला हुकूम, "डोरीन, हलू नकोस, उडेल!" लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात मी पांढऱ्या झग्यात भिजतेय आणि नवरदेव कुंपणाकडे बघत पुटपुटतोय, "हलू नकोस!" थोरलीच्या वेळी कळा सुटल्या, तर ह्यानं गाडी दलदलीपाशी थांबवली! म्हटलं, "लेनर्ड, बाळ येतंय रे!" तर म्हणे, "दोनच मिनिटं... हलू नकोस, उडेल!"

मी शाळेत गणितात कायम नापास, पण त्याच्या यादीचा आकडा मला पाठ. तीनशे नव्व्याण्णव. चारशेव्यासाठी सात वर्षं झुरला हो! पार उत्तर टोकाच्या शेटलंड बेटांपर्यंत बोटीनं ओकत गेला, तर पक्षी आदल्या दिवशीच पसार. मग अंथरूण धरलं. खाट खिडकीशी लावली, मी बाहेर सफरचंदं कापून ठेवायचे, खायचे कोण, तर कावळे. शेवटी मीच थाप मारली, "तू झोपलास तेव्हा एक निळा येऊन गेला बघ, लिहून टाक!" असा भडकला... "स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही!" आणि गेला. तीनशे नव्व्याण्णववर.

दफनाला सगळे दुर्बिणीवाले. पाद्री प्रार्थना म्हणतोय, पेटी खड्ड्याच्या काठावर, आणि ह्याचा दोस्त बेझिल किंचाळला, "निळा कस्तूर!" शेजारच्याच कबरीवर! स्पेनच्या डोंगरातलं पाखरू, आमच्या नॉर्फकात जन्मात दिसायचं नाही. पाद्र्यासकट सगळ्यांच्या दुर्बिणी वर! बेझिल नाक पुसत म्हणतो, "डोरीन, पेटी अजून वरच आहे... घालूया का त्याच्या यादीत? चारशे होतील गं."

वही माझ्याच हातात होती. सगळे माझ्याकडे बघतायत. मला का नको होते चारशे? पण म्हटलं, "नको. त्यानं नाही बघितला." वही तशीच पेटीबरोबर खाली गेली.

आणि तो मेला पक्षी जाईल की नाही? लेनर्डचा दगड बसवला, तर आता रोज त्याच दगडावर! अख्खं इंग्लंड लोटलंय बघायला. आज फुलं घेऊन जवळ गेले, तर मागून तीस जण एका सुरात, "बाई, हलू नका, उडेल!"

उभी राहिले तशीच. तासभर. सवय आहे हो मला...